‘सही’ या दोन अक्षरांविषयी

वाई,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. माई हीस,

तुझे सविस्तर पत्र पावले. कलकत्त्यास बिऱ्हाड लागले, शाळेतील काम सुरू झाले आणि तिकडची भाषा हळूहळू कानांस परिचित होऊ लागली, हा मजकूर वाचून समाधान वाटले. परंतु पत्राच्या अखेरीस तू सहज म्हणून जो प्रश्न घातला आहेस, तो माझ्या मनात इतका घोळत राहिला की घरगुती वर्तमान पुढील पत्रावर टाकून आज केवळ त्याचेच उत्तर लिहावयास बसलो आहे. बँकेतील कारकुनाने अर्जाच्या तळाशी बोट ठेवून ‘एखाने शोइ कोरुन’ असे म्हटले, आणि शेजारच्या वृद्ध बाईंनी आपल्या बाळपणीच्या मैत्रिणीची ओळख करून देताना ‘ही माझी शोइ’ असे म्हटले. तेव्हा या दोन्ही शोइ एकच काय, एकच असल्यास मैत्री आणि स्वाक्षरी यांचा परस्परसंबंध कोणता, आपली ‘सही’ आणि हिंदीतील बरोबर या अर्थाचे ‘सही’ यांचे त्यांच्याशी नाते काय, आणि या सगळ्यांत खरा अर्थ कोणाचा, असे तू विचारतेस. माझी उमेदीची सारी वर्षे दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतरचा काळ मोडी कागद वाचण्यात जात आहे, म्हणजे या दोन अक्षरांच्या सहवासातच माझे आयुष्य गेले असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा या शब्दाविषयी मला जे वाटते ते तुला मोकळेपणाने लिहितो.

प्रथम मूळ सांगतो, मात्र मूळ म्हणजे सर्वस्व नव्हे हे ध्यानी ठेवून वाच. आपली ‘सही’ अरबी ‘सहीह’ या शब्दापासून आली. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी कोश प्रसिद्ध केला, त्यातही या शब्दाच्या अरबी कुळाची नोंद आहे. ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याचा मूलार्थ आरोग्य. ‘सेहत’ हा उर्दू-हिंदीतील शब्द त्याच धातूचा. जे निरोगी, अव्यंग, अभंग, ज्यास कोठे इजा पोहोचलेली नाही, ते सहीह. शरीराचा हा गुण अरबांनी पुढे किती निरनिराळ्या पदार्थांस लावला ते पाहिले म्हणजे त्या भाषेच्या सूक्ष्मतेविषयी आदर वाटतो. अपूर्णांक नसलेली संख्या, म्हणजे आपला पूर्णांक, तिला ते ‘सहीह’ संख्या म्हणतात. ज्या क्रियापदाच्या मूळ व्यंजनांत दुर्बल अक्षर नाही, ते व्याकरणात ‘सहीह’. आणि पैगंबरांच्या वचनांपैकी ज्यांची सांगणाऱ्यांची परंपरा कोठेही तुटलेली नाही व ज्यांतील प्रत्येक सांगणारा विश्वासास पात्र ठरला आहे, ती वचनेही ‘सहीह’. नवव्या शतकातील बुखारी आणि मुस्लिम या दोन संग्राहकांचे ग्रंथ याच नावाने सुन्नी मुसलमान जगात आजही प्रमाण मानले जातात. या सर्व ठिकाणी कल्पना एकच आहे: तपासून पाहिले, कोठेही खोट सापडली नाही.

आता ‘खोट नाही’ या अर्थाचा शब्द नावाच्या फर्राट्याचे नाव कसा झाला, हा खरा कुतूहलाचा भाग. जुने अरबी लेखक पोथीची नक्कल करताना समासात राहिलेला शब्द भरीत, तेव्हा त्याच्यापुढे ‘सह्ह’, म्हणजे ‘हे बरोबर’, असे लहानसे अक्षर घालीत, जेणेकरून पुढच्या वाचकास ती भर कोणा उपऱ्याची नसून पोथीचाच भाग आहे हे कळावे. उस्मानी तुर्कांच्या दप्तरातही अधिकारी कागद तपासून त्यावर हेच अक्षर ओढीत. फारसी दप्तरांत त्याचा आणखी संक्षेप होऊन केवळ ‘साद’ हे पहिले अक्षर उरले. उर्दूत ‘साद करना’ म्हणजे मंजुरी देणे, हा वाक्प्रचार त्याच चालीतून आला. या व्यवहारात अधिकारी आपले नाव लिहीत नव्हता, हे लक्षात घे. तो एक विधान लिहीत होता. हिशेब मी पाहिला, तो जुळला, यात लबाडी नाही, एवढे सारे त्या एका अक्षरात असे. आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वळणात लिहिले असल्यामुळे त्यावरून लिहिणाराही ओळखू येई. हळूहळू विधान मागे पडले आणि ओळख पुढे आली. कागद बरोबर असल्याची खूण होती, ती तो कोणी बरोबर म्हटला याची खूण झाली. आपल्या भाषेने तो शब्द उचलला तो या पायरीवर.

मराठी मुलुखात मात्र या शब्दास आधीपासून रुजलेल्या दुसऱ्या रिवाजांशी जुळवून घ्यावे लागले. छत्रपतींच्या आज्ञापत्रांचे प्रामाण्य मुख्यतः शिरावरील शिक्क्यावर आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून अखेरीस उमटविलेल्या मोर्तबावर अवलंबून असे. आजही आपण एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो ते त्यामुळे. कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला म्हणजे कारकून तळाशी ‘रुजू’ लिही. सावकारी खतांत लिहिणाऱ्याच्या नावामागे ‘दस्तुर’ येई आणि देणेकऱ्याने स्वतः लिहिले असल्यास ‘दस्तुर खुद्द’. ज्यांस लिहिता येत नसे, त्यांचीही व्यवस्था त्या समाजाने मोठ्या सन्मानाने केली होती. कुणब्याच्या नावापुढे नांगराची आकृती काढून ‘निशाणी नांगर’ असे लिहीत, वाण्याच्या नावापुढे तागडीची. मनुष्य निरक्षर असला तरी त्याचा धंदा त्याच्या वतीने साक्ष देई. मोडी कागदावर असा नांगर प्रथम पाहिला, तेव्हा त्याच्या दोन-तीन ओबडधोबड रेघांत मला त्या माणसाची प्रतिष्ठा दिसली, आणि आजही असा कागद हाती आला की मी तेथे थांबतो.

राजपुतान्यात हाच शब्द केवढ्या मानाने नांदला ते तुला सांगावयासच हवे. मेवाडच्या महाराण्यांच्या दानपत्रांवर आणि ताम्रपटांवर ‘सही’ ही दोन अक्षरे मोठ्या ठशात असत आणि तेथेच भाल्याची आकृती असे. ही भाल्याची खूण करण्याचा अधिकार सलुंबरच्या चुंडावतांचा. त्यांचा मूळपुरुष चुंडा याने वडिलांच्या शब्दाखातर गादीवरचा आपला हक्क सोडला, त्याच्या त्यागाचे हे चिरंतन स्मरण. ज्या घराण्याकडे सहीच्या कागदांचे काम होते, त्याचे आडनावच ‘सहीवाला’ पडले. ताम्रपटावर महाराण्याचे नाव असणे पुरेसे नव्हते. ‘सही’ म्हणजे ‘हे प्रमाण आहे’, हे वचन त्यावर स्वतंत्रपणे असावे लागे. येथे अरबी अर्थ आणि मराठी अर्थ या दोहोंच्या मधली अवस्था जणू तांब्यावर कोरून ठेवली आहे.

यानंतर प्रत्येक भाषेने आपापल्या गरजेप्रमाणे या शब्दाचा वाटा उचलला. मराठीने, गुजरातीने, कानडीने, सिंधीने आणि बंगालीने स्वाक्षरीचा अर्थ घेतला. नेपाळीतही ‘सहीछाप’ आहे. बेळगाव-धारवाडकडील कानडी पक्षकार आमच्या कचेरीत येत, तेव्हा त्यांना मराठी येवो न येवो, ‘सही’ एवढा शब्द दोन्हीकडे पुरेसा होई. उलट ज्या प्रांतात फारसीचे राज्य सर्वांत दीर्घ काळ चालले, त्या हिंदी-उर्दूच्या प्रदेशाने स्वाक्षरीस ‘दस्तखत’ म्हणून ‘सही’ हा शब्द अचूकपणाच्या मूळ अर्थावरच ठेवला. खुद्द फारसीत आणि अरबीतही स्वाक्षरीस हा शब्द नाही. इराणी ‘इम्जा’ म्हणतात, अरब ‘तौकी’. तुर्कीत ‘सही मी?’ म्हणजे ‘खरेच काय?’ मलायी आणि इंडोनेशियन भाषांत याच धातूचा ‘साह’ म्हणजे कायद्याने वैध. जावा-सुमात्रात निकाह लागला म्हणजे साक्षीदार एकमुखाने ‘साह’ म्हणतात आणि त्या एका अक्षराने विवाह सिद्ध होतो. सर्वांत विस्मयकारक मला आफ्रिकेचा पूर्व किनारा वाटतो. झांजिबारच्या स्वाहिली भाषेत ‘सहिही’ म्हणजे अचूक, आणि ‘सहिही’ म्हणजेच स्वाक्षरीदेखील! समुद्रापलीकडे, आपल्याशी या बाबतीत सल्लामसलत न करता, व्यापाऱ्यांच्या आणि काजींच्या कागदांवरून ती भाषाही त्याच वाटेने गेली. कागदाचा व्यवहार आला म्हणजे ‘हे बरोबर’ आणि ‘हे मी’ या दोन गोष्टी जवळजवळ येऊ लागतात, हा माझा कचेरीतला अनुभव. त्यास एवढ्या दूरच्या भाषेने पुष्टी द्यावी याचा मला मनापासून आनंद झाला.

हिंदीतील ‘सही’ आपल्या माणसास अनेकदा चकविते, कारण तेथे त्याचे आणखीही उपयोग आहेत. ‘हे नाही तर तेच सही’ या तऱ्हेच्या बोलण्यात त्याचा अर्थ अचूकपणाही नव्हे; तेथे तो एक प्रकारची संमती आहे, मनाविरुद्ध गेलेल्या गोष्टीस ‘असो, हेही चालेल’ म्हणून दिलेली कबुली. गालिबाने एका प्रसिद्ध गझलेचा रदीफच या शब्दाचा केला, म्हणजे प्रत्येक शेराच्या अंती हीच विषण्ण संमती पुन्हा पुन्हा येते. शिवाय ‘सहना’ या क्रियापदाचे स्त्रीलिंगी रूपही ‘सही’; ‘पीडा सही’ म्हणजे दुःख सोसले. ते संस्कृत ‘सह्’ धातूचे, अरबी सहीहचे त्याच्याशी रक्ताचे नाते नाही. रूप एक, कुळे दोन. हा भेद पुढे तुझ्या दोन शोइंच्या बाबतीत उपयोगी पडेल, म्हणून आताच सांगून ठेवतो.

अलीकडे आपल्याकडील मुले एखादी वस्तू फार आवडली म्हणजे ‘सही!’ म्हणतात, आणि त्यावरून माझ्या वयाची मंडळी भाषा भ्रष्ट झाल्याचा आक्रोश करतात. मला हा आक्रोश मान्य नाही. मराठीतून अचूकपणाचा अर्थ पूर्णतः गेला होता असे थोडेच आहे? ‘सहीसही नक्कल’ म्हणताना, किंवा प्रवासास गेलेले माणूस ‘सहीसलामत’ परत आले म्हणताना आपण त्याच जुन्या अर्थाने बोलत असतो. ‘सहीसलामत’ शब्दात तर अरबी धातूचा आरोग्याचा मूलार्थ आजतागायत शाबूत आहे. मुलांच्या तोंडी हिंदीच्या मार्गाने जे आले, ते आपल्याच घरात पूर्वी राहिलेले माणूस आहे. २००२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सही रे सही’ या नाटकाचे नाव महाराष्ट्रात कोणास समजावून सांगावे लागले नाही, याचे कारण दोन्ही अर्थ मराठी कानास ठाऊक होते.

शब्दांच्या शुद्धतेविषयी आपल्याकडे जुना आणि थोर वाद आहे. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत म्हणून शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यामागील स्वत्वाची जाणीव वंदनीय आहे. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले; ज्यास परक्या शब्दांचे इतके सखोल ज्ञान, त्याने त्यांचा निरोप घ्यावा, यात मला विसंगती न दिसता जाणत्या माणसाचा निग्रह दिसतो. तरीपण ‘सही’पुरता निकाल लोकांनी दिला आहे. ‘स्वाक्षरी’ हा सुंदर संस्कृत शब्द आला, शासकीय नमुन्यांत स्थिरावला, परंतु त्याने ‘सही’स हुसकावले नाही, बोलीने दोघांना कामे वाटून दिली. लेखकाच्या किंवा खेळाडूच्या पुढे वही धरून आपण मागतो ती स्वाक्षरी, आणि खरेदीखतावर करतो ती सही. पहिलीत प्रेम आहे, दुसरीत जबाबदारी. हा भेद कोणत्याही समितीने ठरविलेला नाही.

आणि संस्कृत शब्द घेतला म्हणजे प्रांतोप्रांतीचा घोटाळा मिटतो, असेही कोणी समजू नये. ‘हस्ताक्षर’ हा निर्मळ संस्कृत शब्द. पण हिंदीत तो स्वाक्षरी आणि मराठीत हाताचे वळण. उत्तरेकडील अर्जात ‘हस्ताक्षर’ असा रकाना पाहून आपला माणूस क्षणभर गोंधळतो. तमिळमधील ‘कैयेळुत्तु’ शब्दशः तोच, हाताचे अक्षर, आणि तेथे त्याचे दोन्ही अर्थ होतात. फारसीकडील ‘राजीनामा’ घे: उत्तरेत वादी-प्रतिवादी आपसात राजी होतात तो राजीनामा, आणि आपल्याकडे नोकरी सोडण्याचा कागद. या अंतराचे कारण मला जमाबंदीच्या कागदांत दिसते. मुंबई इलाख्यात शेत सोडणारे कूळ राजीनामा देई आणि घेणारे कूळ कबुलायत. हक्क आपखुशीने सोडल्याचा तो लेख, म्हणून पुढे पदत्यागासही तेच नाव लागले.

आता तुझ्या शेजारणीकडे वळतो. तिने उच्चारलेली ‘शोइ’ ही स्वाक्षरीची शोइ नव्हे. ती ‘सखी’. प्राकृतात ‘ख’चा ‘ह’ होतो, मुखाचे ‘मुह’ होते, तशी सखीची ‘सही’ झाली. आणि माई, हे ज्या प्राकृतात ठळकपणे घडले तिचे नाव महाराष्ट्री. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदातीरीच्या स्त्रिया आपले गुज मैत्रिणीस सांगताना तिला याच शब्दाने हाक मारतात. म्हणजे अरबस्तानातून ‘सहीह’ आपल्याकडे येण्याच्या कित्येक शतके आधी या भूमीवर ‘सही’ हा शब्द नांदत होता आणि त्याचा अर्थ जिवलग मैत्रीण असा होता. पुढे तो मराठीत ‘सई’ झाला. जात्यावरच्या ओव्यांत बाया एकमेकींस ‘सये’ म्हणतात ती तीच. आणि फलटणच्या निंबाळकरांची कन्या, शंभूराजांची माता सईबाई, जिचे १६५९ साली राजगडी देहावसान झाले, तिच्या नावातही तीच सखी आहे. गुजरातीत ती ‘सहियर’. मराठीत ‘सही’ आणि ‘सई’ असे दोन उच्चार राहिल्यामुळे आपल्याकडे त्यांची गाठ पडली नाही. बंगालीत मात्र दोहोंतील ‘ह’ लोपला, आणि दोन टोकांकडून आलेले हे शब्द एका रूपात येऊन मिळाले.

तेव्हा स्वाक्षरी ही माणसाची सखी म्हणून तिला हे नाव पडले असावे, हा तुझा तर्क मनोहर असला तरी इतिहास त्यास साक्ष देत नाही. परंतु इतिहासाने जे जोडले नाही ते माणसे आपल्या कृतीने जोडू शकतात. बंगालकडे दोन मुलींनी विधिपूर्वक ‘सई’ (उच्चारात ‘शोइ’) जोडण्याची चाल होती; एकदा सई जोडली की त्या एकमेकींस नावाने हाक न मारता ‘गंगाजल’, ‘बकुळफूल’ अशा ठरविलेल्या नावाने संबोधीत. रवींद्रनाथांच्या १९०३ सालच्या ‘चोखेर बाली’ या कादंबरीचे नाव त्यातील दोन स्त्रियांनी परस्परांस दिलेल्या अशाच नावावरून आले आहे, म्हणजे डोळ्यातली वाळू. आणि ते पुढे किती खरे ठरते हे तू कादंबरी वाचशील तेव्हा कळेल. २००० साली नवनीता देव सेन यांनी बंगालमधील लेखिकांची संघटना स्थापन केली आणि तिचे नाव ‘सई’ ठेवले, कारण बंगालीत त्या एका शब्दात तीन अर्थ होतात: मैत्रीण, स्वाक्षरी, आणि ‘मी सोसते’. तीन भिन्न कुळांचे शब्द केवळ उच्चाराच्या झिजेने एक झाले होते. त्या विदुषीने त्यांना स्त्रीच्या लेखनाचे नाव केले. जिने सोसले, जिला सखी मिळाली आणि जिने अखेर आपल्या नावाने लिहिले, तिचे सारे चरित्र त्या दोन अक्षरांत मावते. भाषेने अजाणता दिलेल्या देणगीचा याहून उदात्त उपयोग मी पाहिलेला नाही.

बंगालीतील आणखी एक शब्द तुझ्या कानी पडेल, ‘टिपसई’, म्हणजे अंगठा. तू जेथे राहतेस त्याच प्रांतात या प्रकाराचा उगम झाला. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून रस्त्याच्या सामानाचा करार लिहून घेतला आणि पुढे त्याने सही नाकबूल करू नये म्हणून त्याच्या सबंध पंजाचा ठसा कागदावर उमटवून घेतला. त्यातूनच विचार वाढत जाऊन १८९७ साली कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी स्थापन झाली. तेथील वर्गीकरणाचे मोलाचे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन एतद्देशीयांचे, जरी ती पद्धत जगभर त्यांच्या वरिष्ठाच्या, हेन्रीसाहेबाच्या, नावाने ओळखली जाते. हर्शेलच्या मनात अविश्वास होता हे खरे. पण ज्यास अक्षर येत नाही त्याच्या देहावरच त्याची अनन्य सही कोरलेली आहे, हे सत्य त्या अविश्वासातून बाहेर आले.

आमच्या कचेरीत ‘नि. डा. हा. अंगठा’, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, असे लिहून कित्येक वृद्धांच्या, विशेषतः बायकांच्या अंगठ्याचे ठसे घेतले जात. कायद्याप्रमाणे केवळ ठसा किंवा सही पुरेशी नसते. लिहून देणाराने निबंधकासमोर दस्त करून दिल्याचे तोंडाने कबूल करावे लागते आणि ओळखदारांनी त्यास ओळखावे लागते. कामाच्या घाईत ही कबुली उरकून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र असते. परंतु मजकूर नीट वाचून दाखविला आणि ‘आजी, हे बरोबर आहे का?’ असे थांबून विचारले, म्हणजे त्या बाईचा चेहरा बदलत असे. आपण काय देत आहोत हे तिला त्या क्षणी कळे, आणि काही वेळा ती ‘नाही’ म्हणून हात मागे घेई. त्या ‘नाही’चा आदर करणे हे आमच्या कामाचे मर्म होते, असे मी आजही मानतो. जिने होकार दिला, तिचा अंगठा ही माझ्या लेखी कोणत्याही विद्वानाच्या सहीइतकी संपूर्ण सही होती, कारण ‘सहीह’ या शब्दातील मूळचे विधान तिने स्वतःच्या मुखाने केलेले असे.

यावरून तुझ्या अखेरच्या प्रश्नाचे माझे उत्तर तुझ्या ध्यानात आले असेल. खरा अर्थ अरबांचा आणि इतरांचे अपभ्रंश, असे मी मानत नाही. शब्द ज्या गावी जन्मला तेथेच त्याच्या अर्थाची मालकी राहते, हा समज मला सर्वथा चुकीचा वाटतो; ज्या समाजाने त्यास काम दिले आणि त्या कामावर विश्वास ठेवला, त्या समाजापुरता तोच अर्थ खरा. मात्र जुना अर्थ ठाऊक असणे हे नव्या अर्थास बळ देते. सरकारी परिपत्रकाच्या नकलेवर मूळ सहीच्या जागी आपले टंकलेखक ‘सही/-’ असे छापतात ते तू पाहिले आहेस. तेथे कोणाचाही हात उमटलेला नसतो, केवळ तो शब्द असतो. आणि तो शब्द अक्षरशः तेच सांगतो जे उस्मानी दप्तरातील तो अधिकारी तपासलेल्या कागदावर लिहीत होता. मराठीत सही करणारा प्रत्येक मनुष्य, त्यास ठाऊक असो वा नसो, ‘हे बरोबर आहे’ असे लिहून देत असतो. ज्यास हे बरोबर आहे की नाही याची खात्री नाही, त्याने तेथे हात लावू नये, आणि दुसऱ्यासही लावावयास सांगू नये, हे माझे ठाम मत आहे.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. तुझ्या शेजारच्या बाईंचे घराणे जुने जमीनदारीचे, असे तू लिहिले आहेस. त्यांच्याकडे फारसी किंवा जुन्या बंगाली वळणाचे पट्टे, कबुलियती, दानपत्रे असतील आणि त्या आनंदाने दाखवीत असतील, तर त्यांवर ‘सही’ हा शब्द मजकुराच्या वर आहे की खाली, तो नावासह आहे की एकटाच, आणि निरक्षर रयतेच्या नावापुढे अंगठ्यापूर्वीच्या काळात कोणती निशाणी काढीत, एवढे पाहून मला कळव. त्यांच्या अनुमतीवाचून नक्कल घेऊ नकोस. त्यांना माझा नमस्कार सांग. जावईबापूंस आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
अण्णामामा